वेगळं मांडलेलं पान

गल्लीभर टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलावर चॉपस्टिकांच्या जोड्या होत्या. फक्त चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका लहान टेबलावर काटा होता. जेवणाचा काटा, स्टीलचा, एक दात किंचित वाकलेला. तो दात मी ओळखला. आमच्याच स्वयंपाकघरातला काटा होता तो, माशांचा डबा उघडताना मीच कधीतरी वाकवलेला. मी थांबलो. हातातली नवी बॅग आपल्या चाकांवर थोडी पुढं गेली आणि माझ्या पायाला लागून उभी राहिली. काट्याशेजारी आमचीच निळ्या काठाची ताटली. तीत सालीसकट उकडलेले बटाटे, त्यातल्या एकात उभी खोचलेली उदबत्ती, कडेला लोण्याचा चौकोन, दमट हवेत आपोआप सुटत चाललेला, आणि दुकानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिळतं तसल्या पिवळ्या चीजचा एक तुकडा. प्लॅस्टिक कुणीतरी आठवणीनं काढलं होतं. पेलाभर दूध. खाली पत्र्याच्या तसराळ्यात पाणी, त्याच्या काठावर नवा टॉवेल आणि कंगवा, पाहुण्यानं आधी तोंड धुवावं, केस सारखे करावेत म्हणून. तसराळं, टॉवेल, उदबत्ती, एवढं सगळ्याच टेबलांपाशी होतं. पण या टेबलाला खुर्ची होती. बाकी कुठल्याच टेबलाला खुर्ची नव्हती. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि ज्या मेलेल्यांना मागं कुणी नाही ते सगळे बाहेर पडतात. त्यांचं खरं नाव न घेता इथले लोक त्यांना भीत भीत ‘भले भाऊ’ म्हणतात. भले भाऊ गर्दीनं येतात, उभ्या उभ्या खातात आणि पुढच्या गल्लीत जातात. त्यांना कोण खुर्ची देतं?

मी सहसा या दिवशी बाहेर पडत नाही. तरुणपणी स्वित्झर्लंडहून या बंदरात, किलुंगला, उतरलो तेव्हाच्या आमच्या वरिष्ठांनी घालून दिलेली ती शिस्त होती. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, खिडक्या लावायच्या, कुणाला रागवायचं नाही आणि कुणाच्या दृष्टीला पडायचंही नाही. ते वरिष्ठ केव्हाच टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन पडले, शिस्त माझ्या अंगवळणी राहिली. खरं तर मला ती सोयीची होती. धुरानं मला खोकला येतो, गर्दीत काय बोलावं ते सुचत नाही, आणि एक आख्खी दुपार दार लावून वाचत बसायला कुणी धर्माचं कारण देत असेल तर माझ्यासारख्यानं ते का नाकारावं? पण आज मला बॅग घ्यायची होती. संध्याकाळी स्वित्झर्लंडहून आमच्या धर्मसंघाच्या प्रमुखांचा फोन यायचा होता. परदेशातून परतलेल्या म्हाताऱ्या पाद्र्यांसाठी आमचं तिकडं एक घर आहे, त्यातली एक खोली रिकामी झाली आहे. रिकामी झाली म्हणजे कोण गेलं, ते मी विचारलं नाही. खिडकीतून तळं दिसतं, जिना चढावा लागत नाही, नर्स हाकेच्या अंतरावर. हो की नाही ते आज सांगायचं. नाही म्हटलं तर खोली दुसऱ्याला जाणार आणि मी इथलाच, टेकडीवर वरिष्ठांच्या शेजारी. मी हो म्हणायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे, नाही म्हणायला लागते ती ताकद शोधून सापडली नव्हती. आणि फोनवर ऐन वेळी अडखळू नये म्हणून आधी बॅग आणून ठेवावी, म्हणजे निदान बॅगेला तरी उत्तर माहीत असेल, असा काहीतरी बावळट विचार करून मी दुपारी छत्री घेऊन बाजारात गेलो होतो.

दमलो होतो. कशानं, हे विचारलं तर नीट सांगता येणार नाही. या गावात पाऊस पडतो आणि पडत नसतो तेव्हा तो हवेत असतो. सकाळी उठून मी पुस्तकांवरची बुरशी फडक्यानं पुसतो, कपाटाच्या एका टोकापासून सुरू करतो आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा हिरवट पापुद्रा धरलेला असतो. मग मिस्सा, चर्चमधली रोजची उपासना. समोर पाच-सहा म्हाताऱ्या, त्यातली एक बहिरी, एक झोपलेली. माझं प्रवचन मी अजूनही कागदावर लिहून नेतो, प्रत्येक शब्दावर सुराच्या खुणा करून, कारण इथल्या बोलीत सूर चुकला की अर्थ फिरतो, आणि एवढ्या वर्षांनंतरही माझा माझ्या गळ्यावर विश्वास नाही. लोक ऐकतात, मान डोलावतात. सगळ्यालाच मान डोलावतात. देव आपल्या माणसांमध्ये येऊन जेवायला बसला, असं मी सांगतो आणि त्या मान डोलावतात, जणू शेजारणीचा थोरला मुलगा सणाला घरी आला, एवढीच ती बातमी. सुरुवातीला मला वाटायचं, किती चटकन कळलं यांना. मग वाटू लागलं, काहीच कळलेलं नाही. अलीकडे काहीच वाटेनासं झालं होतं. रविवारी फिलिपिन्सच्या बाया येतात, इथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, त्यांची गाणी मोठी असतात. मासेमारीच्या बोटींवरची व्हिएतनामी पोरं फादर त्री यांच्याकडे येतात. फादर त्री गेल्या वर्षापासून इथले मुख्य पाद्री आहेत, चाळिशी ओलांडलेले, तरतरीत, त्यांना फुटबॉल कळतो. मला काय कळतं? रात्री निजायच्या प्रार्थनेच्या मध्येच मला झोप लागते, आणि सकाळी पुस्तक छातीवर सापडतं तेव्हा मला वाटतं, कुणीतरी अर्ध्यातून उठून गेलं.

“काय फादर, पळून चाललात की काय?” समोरून लिम ओरडला. जहाजांना दोरखंड आणि साखळ्या पुरवण्याचं त्याचं दुकान चर्चच्या अगदी समोर आहे. त्यानं दुकानापुढं दोन टेबलं जोडून भाजलेलं डुक्कर, कोंबडी, शेवयांची खोकी, बिअरचे डबे असं काय काय रचलं होतं, आणि स्वतः बनियनवर, पत्र्याच्या पिंपात जाळायचे कागदी पैसे सुटे करत बसला होता. “एवढी मोठी बॅग! आज बॅगा विकत घेऊ नये फादर, एखादा भाऊ आत बसून येतो फुकटात.”

मी हसलो, म्हणजे हसल्यासारखं केलं. मग टेबलाकडे बोट दाखवून विचारलं, “लिम, हे कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे?” लिमचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि तोंड पसरून हसला. “तुम्हाला ठाऊक नाही? अहो, तुमच्या मातोश्रींचं!”

मला वाटलं, चेष्टा करतोय. लिम नेहमीच करतो. पण त्याची बायको आतून म्हणाली, “गप बसा हो, मावशींना विचारू दे त्यांना.” आणि तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मावशी म्हणजे आमचा स्वयंपाक करणाऱ्या ग्योक मावशी. लिम खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी दरवर्षी मागच्या बोळात मांडतात. यंदा बोळ खणलाय ना गटारासाठी, म्हणून पुढं आणलं. फादर, तुम्ही आजवर तीनदा का चारदा गावी गेलात. तुमची आई दरवर्षी इथं येते. हिशेब करा, कुणाला कुणाची जास्त ओढ!”

आई. हा शब्द माझ्या डोक्यात आधी कुठल्याच भाषेत आला नाही. आधी एक वास आला. ओल्या लाकडाच्या धुराचा, ताकाचा, आणि बटाटे उकडलेलं पाणी परसात फेकलं की मातीतून उठतो तसला. आमचं घर उतारावर होतं, इतक्या उतारावर की कोंबड्याही वाकड्या चालायच्या. आम्ही आठ भावंडं. बाबा टेबलाच्या टोकाला बसायचे आणि खिशातला चाकू उघडून समोर ठेवायचे. तो चाकू उघडा असेपर्यंत जेवण चालायचं. बाबांचं झालं की ते पातं पावाच्या तुकड्यानं पुसायचे आणि चाकू मिटायचे. टक्. तो आवाज झाला की जेवण संपलं. तोंडातला घास गिळायचा, पानात असेल ते तसंच ठेवायचं, उठून उभं राहायचं आणि आभाराची प्रार्थना म्हणायची. आमच्या खोऱ्यात सगळ्याच घरी असं होतं, यात बाबांचा दुष्टपणा काही नव्हता, बाहेर गुरं वाट बघत असायची. आई आम्हा आठ जणांचे बटाटे सोलायची. गरम बटाटा एका हातातून दुसऱ्या हातात उडवत, बोटांवर फुंकर घालत, एकाचा झाला की दुसऱ्याचा. सगळ्यांचे सोलून झाले की स्वतःचा घ्यायची. आणि बहुतेक वेळा तेवढ्यात टक् व्हायचं. मग ती आमच्याबरोबर उभी राहून हात जोडायची, तिच्या पानात अर्धा बटाटा. नंतर चुलीपाशी उभ्यानंच तो ती खायची का, की कोंबड्यांना टाकायची, ते मला माहीत नाही. मी तोवर बाहेर पळालेला असायचो. मी पुस्तकं वाचणारा मुलगा होतो, मला कोपऱ्यात जागा हवी असायची.

ग्योक मावशी चर्चच्या बाजूच्या दारातून आल्या. हातात उदबत्त्यांचा पुडा, अंगात माझाच जुना स्वेटर, दमट हवेत त्यांचे सांधे धरतात म्हणून. मी इथं आलो त्यानंतर थोड्याच वर्षांनी त्या आमच्या स्वयंपाकाला लागल्या, त्याच्या आधीच त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, मारिया ग्योक. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते, मीही म्हणतो, वयानं त्या माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या असल्या तरी. त्यांनी मला पाहिलं, मग बॅग पाहिली. बॅगेवर त्यांची नजर जराशी जास्त राहिली. म्हणाल्या एवढंच, “आलात? छत्री असून भिजलात. डोकं पुसा.” आणि इकडं तिकडं बघून तसराळ्याच्या काठावरचा नवा टॉवेल उचलायला गेल्या, मग थांबल्या. “हा नको. हा त्यांचा आहे.”

“मावशी,” मी म्हणालो, “हे काय आहे?”

“बटाटे.”

“ते दिसतंय. कशासाठी?”

“तुम्हीच सांगितलंत ना त्यांना बटाटे आवडतात म्हणून.” मावशींनी विझत आलेली उदबत्ती काढली, दुसरी पेटवली, दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत नेली आणि बटाट्यात खोचली. मधेच काहीतरी पुटपुटल्या, त्यात एक शब्द मला ओळखीचा वाटला. दुसऱ्यांदा पुटपुटल्या तेव्हा कळलं. माझ्या आईचं नाव होतं ते, क्रेसेंझ, त्यांच्या जिभेवर गोल होऊन आलेलं, गोट्यासारखं. ते नाव गेल्या कित्येक वर्षांत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्याही नाही. मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना करताना मी मनात ‘माझे आईवडील’ एवढंच म्हणतो.

मी केव्हा सांगितलं होतं? आठवायला वेळ लागला. मग ते पत्र आठवलं. पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा आईला पुरून आठवडा होऊन गेला होता, तेव्हा पोस्ट तशीच होती, आणि आम्ही घरी जायचो ते दहा वर्षांतून एकदा, सगळ्यांना ते ठाऊक होतं, आईलाही. जेवणाची वेळ होती. मी पत्र घडी करून ताटाखाली ठेवलं आणि जेवलो. मग मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग होता, तो घेतला. दुसऱ्या दिवशी शोकाचा जांभळा झगा घालून मिस्सा केली. आमच्यात करायचं असतं ते सगळं केलं, पण ते करायला एकूण किती थोडा वेळ लागला याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं. ताटं उचलताना ग्योक मावशींनी विचारलं होतं, “काय आवडायचं त्यांना खायला?” मला वाटलं, बोलायचं म्हणून विचारतायत. मी म्हणालो, “बटाटे. सालीसकट उकडलेले. लोणी आणि चीज.” त्या म्हणाल्या होत्या, “चीज म्हणजे ते नासक्या वासाचं?” मी म्हणालो, “हो.” बस. एवढंच. त्या काळी किलुंगमध्ये चीज मिळायचं नाही. मग त्यांनी त्या वर्षी काय ठेवलं असेल?

“मावशी, तुम्ही बाप्तिस्मा घेतलाय,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच एखाद्या पुस्तकातून वाचल्यासारखा वाटला. “आपण शिकवतो ना, की गेलेले देवापाशी असतात. ते भुकेले नसतात.”

“हो ना.” त्यांनी लगेच मान डोलावली, नेहमीसारखी. “देवापाशी आहेत. पण सणाला सोडतच असतील ना तिथून? तुमचा देव काही तुरुंगवाला नाही.” मग काटा किंचित सरळ करत म्हणाल्या, “फादर, माझा नवरा बोटीवरून गेला तो परत आला नाही. त्याला थडगं नाही, हाडं नाहीत. दरवर्षी त्याच्या दिवशी तुम्ही त्याच्यासाठी मिस्सा करता. मला कधी सांगावं लागलं? नाही. आता माझ्या माणसाला तुमची प्रार्थना ओ की ठो कळत नसणार. तो तर चर्चच्या पायरीवरसुद्धा चढला नाही कधी, म्हणायचा, तिथं लोक शिजलेलं काही देत नाहीत. पण येऊन मागं गप बसत असेल बिचारा, आपल्यासाठी कुणी काही करतंय म्हणून. मग तुम्ही माझ्या माणसाला जेवू घालता आणि मी तुमच्या आईला घालू नये?”

लिम समोरून म्हणाला, “बरोबर आहे मावशीचं. फादर हरले.”

“तू तुझं डुक्कर सांभाळ, कुत्रं घेऊन जाईल,” मावशी म्हणाल्या.

मी बॅगेच्या दांड्याला धरून उभा होतो. मला काही तरी उत्तर द्यायला हवं होतं. मूर्तींना दाखवलेल्या अन्नाविषयी संत पौलानं करिंथच्या लोकांना काय लिहिलं, त्यावर लोकांनी काय काय टीका लिहिल्या, त्यातल्या निम्म्या तरी वरच्या कपाटात बुरशी खात पडल्या आहेत आणि मी त्या वाचल्या आहेत. पण मला राहून राहून दुसरंच वाटत होतं. एवढी वर्षं मी दार लावून आत वाचत बसलो होतो, आणि भिंतीच्या पलीकडं माझी आई जेवत होती. यातलं काही खरं नाही, हे मला माहीत होतं. आई आल्प्समधल्या एका उतारावरच्या स्मशानात आहे, वर लोखंडी क्रूस आहे, तिथंही ती उताराला पाय लावूनच झोपलेली असणार. मला हे माहीत होतं, आणि तरी मी त्या रिकाम्या खुर्चीकडं सरळ बघू शकत नव्हतो, लहानपणी बाबा नसताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघवत नसे तसंच. “आणि खुर्ची?” मी विचारलं.

“मग? त्या काय भिकारी आहेत गर्दीत उभं राहायला? परक्या मुलखातली बाई, भाषा येत नाही, हे सगळे दांडगे ढकलून पुढं जाणार. म्हणून वेगळं पान मांडते. आणि दारात उभी राहते, कुणी त्रास देऊ नये म्हणून.” मावशींनी स्वेटरच्या खिशातून दोन नाणी काढली. “झालं असेल आता. विचारते.”

गल्लीत एकेक टेबल उठत होतं. उदबत्ती खाली आली की पाहुण्यांना विचारायचं, जेवण झालं का, आणि दोन नाणी टाकायची. एक उताणं, एक पालथं पडलं की झालं. मग अन्न घरात न्यायचं, कागदी पैसे जाळायचे, आणि तेच अन्न सगळ्यांनी बसून खायचं. लिमचं पहिल्याच फेकीला झालं, त्याच्याकडे भले भाऊ भराभर जेवतात, तो म्हणतो दुकानदाराकडे कुणी रेंगाळत नाही. मावशींनी आईचं नाव घेतलं, विचारलं, नाणी टाकली. दोन्ही पालथी. “अजून नाही,” त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा टाकली. दोन्ही उताणी. “हसतायत,” त्या म्हणाल्या, “दोन्ही उताणी म्हणजे हसतायत. पण झालेलं नाही.” उदबत्ती बदलली. समोरच्या पिंपात ज्वाळा उठली आणि कागदाची काळी पाकळी उडत येऊन माझ्या बॅगेवर बसली. तिसऱ्यांदा पुन्हा पालथीच. “तुमची आई फार सावकाश जेवते हो,” मावशी म्हणाल्या. “दरवर्षीचंच आहे. सगळ्या गल्लीचं आवरतं, मी आपली बोळात उभी. माझे पाय दुखतात तरी घाई करत नाही. कुणी तरी निवांत जेवू दिलंच नसेल, असं वाटतं मला.”

हे मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं. चाकूचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आम्ही भावंडंही याविषयी कधी बोललो नाही, बोलण्यासारखं त्यात काय होतं?  लिमच्या बायकोनं त्यांचं डुक्कर आत नेलं. गल्लीत दिवे लागले, बंदरात एक जहाज ओरडलं, लांबट, कंटाळलेलं. मावशींनी नाणी मुठीत धरली आणि माझ्याकडं न बघता, माझ्या बॅगेकडं बघत विचारलं, “किती दिवसांसाठी?”

मला खोटं बोलता येत नाही, गप्प बसता येतं. मी बॅगेवरची काळी पाकळी बोटानं झटकली.

“बरं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी दूध किंचित पुढं सरकवलं, मग होतं तिथं परत ठेवलं. “तिकडं थंडी असेल. स्वेटर परत देते, धुऊन. फादर त्रींना मी जेवू घालीन, ते काय, सगळं खातात.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, बाजारात मासे महाग झाल्याचं सांगावं तसा. “पण एक करा. त्यांना सांगून जा. मला त्यांची भाषा येत नाही. मी नुसती नाव घेते आणि या म्हणते, बाकीचं कळत नसणार त्यांना. पत्ता बदलला असं तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी त्या एवढ्या लांबून इथं येतील आणि तुम्ही नसाल. कुणाला विचारतील त्या? लिमला?”

“मी नीट सांगेन त्यांना,” लिम म्हणाला, पण त्याला स्वतःलाच त्याचं हसू आलं नाही.

“म्हणूनच उठत नसतील,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही आज पहिल्यांदा समोर आलात. मुलगा समोर असताना कोण आई ताटावरून उठेल? घ्या, तुम्हीच विचारा.” आणि त्यांनी दोन्ही नाणी माझ्यासमोर धरली, त्यांच्या तळहाताची ऊब लागलेली.

मी नाणी घेतली नाहीत. घ्यायची नाहीत असं ठरवून नव्हे, माझा हातच पुढं गेला नाही. आयुष्यभर लोकांना नाणी टाकू नका म्हणून सांगितलं, ते हातालाही लक्षात राहिलं असेल. मी आईशी बोलायचा प्रयत्न केला. आमच्या खोऱ्यातली बोली मला आठवते का, ते मी बघत होतो. वाक्य सोपं होतं: आई, मी परत जातोय, इथं येऊ नकोस. बोलीत ते चारच शब्द झाले असते. पण मनातल्या मनातसुद्धा ते वाक्य म्हणवेना, कारण ‘परत जातोय’ म्हटल्यावर ती विचारणार, कुठं? घर भावाच्या मुलानं विकलं आहे, तिथं आता उन्हाळी पाहुणे राहतात. जिथं जायचं त्या खोलीतून तळं दिसतं, पण ते तळं आमचं नाही, लहानपणी मी ते पाहिलंही नव्हतं. तिथं मला ओळखणारं कोण आहे? तिथल्या जेवणाच्या खोलीत मी बसेन तेव्हा माझ्या ताटात काय आवडतं ते कुणी कुणाला विचारलेलं नसेल. आणि आई? ती तिथं कशी येईल, तिला तिथं कोण बोलावणार? मला हे कळत होतं की मी एका भुताच्या सोयीचा विचार करतोय, आणि भुतं नाहीत. तरीही मला एकदम फार थकवा आला. कदाचित मी एवढी वर्षं दमलो होतो ते उभं राहून राहूनच.

मी बॅग आडवी केली आणि खुर्चीसमोर, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, तिच्यावर बसलो.

“मोडेल ती,” मावशी म्हणाल्या. “नवी आहे.”

“मोडू दे.”

बसल्यावर टेबल बरोबर छातीशी आलं, लहानपणी यायचं तसं. मी खिशातून चाकू काढला. बाबांचाच, मोठ्या भावानं मला इथं येताना दिला होता. मी त्यानं टपाल उघडतो आणि पेन्सिलींना टोक काढतो. ताटलीतला एक बटाटा घेतला, उदबत्ती नसलेला. थंड झाला होता, तरी मी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, उगाच. सालीला पात्याचं टोक लावून ती वर ओढली. पहिली साल तुटली, दुसरी नीट निघाली. सोलून झाल्यावर काट्याच्या शेजारी ठेवला, त्याच्यावर लोणी. दुसरा घेतला. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि नाणी खिशात टाकली. लिमनं त्याच्या दुकानातलं एक स्टूल आणून मावशींच्या मागं ठेवलं आणि परत गेला.

वरची खिडकी उघडली. “फादर!” फादर त्रींनी हाक मारली. “फोन! स्वित्झर्लंड!”

“त्यांना सांगा, आम्ही जेवायला बसलोय.”

“कोण आम्ही?” त्यांनी वाकून खाली बघितलं. मला, काट्याला, रिकाम्या खुर्चीला, धुराला. त्यांच्याकडेही हा महिना असतो, त्यांची आजी तिकडं व्हिएतनाममध्ये, ह्युएला, दरवर्षी भाताची पेज गल्लीत शिंपडायची, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.  मग आवाज उतरवून म्हणाले, “ते म्हणतायत, खोलीचं आजच कळायला हवं. काय सांगू?”

“दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं.” माझा सूर चुकला असावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, प्रवचनात सांगतो तसा. “खोली दुसऱ्या कुणाला द्या. मला आत्ता उठता येत नाही. आई जेवतेय.”

खिडकी लागली. मावशी स्टुलावर बसल्या, त्यांनी गुडघे चोळले आणि उदबत्त्यांचा पुडा मांडीवर घेतला. अजून पुष्कळ शिल्लक होत्या. गल्लीतलं शेवटचं पिंप विझत आलं होतं आणि पुन्हा झिमझिम सुरू झाली होती, इतकी बारीक की उदबत्तीला काही होत नव्हतं. मी सोललेला बटाटा ताटलीत ठेवला, पातं बोटांनी पुसलं, आणि हात सवयीनं मिटायला गेला तसा थांबवून चाकू उघडाच टेबलावर ठेवला.